घाट खालून वर : एका फील्ड टूरचे चार दिवस

दिवस पहिला : पुणे, वाई, पाचगणी, महाबळेश्वर

भूशास्त्राच्या एम.एस्सी.ची फील्ड टूर डिसेंबरात निघते, ती थंडीच्या हौसेनं नव्हे, गवतासाठी. पावसाळ्यानंतर घाटातल्या कड्यांवर माणूसभर गवत माजलेलं असतं. डिसेंबरात ते वाळून बसतं आणि मग दगड दिसायला लागतो.

सकाळी सहाला बस सुटली. आम्ही एकोणीस जण, एक सर, एक मॅडम आणि बारामतीकडचे ड्रायव्हरकाका. प्रत्येकाच्या सॅकमध्ये हातोडा, दहा पटीचं भिंग, पातळ अ‍ॅसिडची बाटली, कापडी पिशव्या, मार्कर. होकायंत्र मात्र चौघांत एक, कारण ते महाग. आमच्या वर्गात सगळे गावाच्या नावानं ओळखले जातात. माझी हातोड्याची पार्टनर सांगलीकर, मागच्या सीटवर परभणीकर आणि नगरकर, आणि मी औसेकर, लातूर जिल्ह्यातली. पुण्याला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "दगडं बघायला एवढ्या लांब? आपल्या रानात काय कमी हायत का?" तिचं चुकत नव्हतं. आमच्या रानात दगडाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

खंबाटकीत सरांनी बस थांबवू दिली नाही, ट्रकांची रांगच तेवढी होती. वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलो तसे खिडकीतून समोरचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागले. या लाव्हाच्या डोंगरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला हे आम्ही पहिल्या वर्षी पाठ केलं होतं. पण कडा, मग गवताचा उतार, मग पुन्हा कडा, असा जिना एवढा मोठा समोर आल्यावर परभणीकर म्हणाला, "च्यायला, खरंच पायऱ्या आहेत की." कड्याचा भाग म्हणजे लाव्हाच्या थराचं घट्ट पोट आणि उतार म्हणजे त्याचा मऊ, सच्छिद्र माथा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा आला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा आला. आज उरलाय तोच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते.

पाचगणीच्या टेबललँडवर घोडेवाले आमच्यामागे लागले. आम्ही घोड्यावर बसत नाही, खाली बसून जमीन ठोकतो, हे बघून त्यांनी नाद सोडला. सरांनी आधी बॅगेतला काळा दगड काढून त्यावर हातोडा मारला. ठण्ण. मग पायाखालच्या तांबड्या दगडावर. भद्द. "कान आधी, भिंग नंतर," एवढंच म्हणाले.

तांबडा दगड म्हणजे जांभा. मुळात हाही बेसाल्टच, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा दगड. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, त्यातलं चुनखडीचं, सोड्याचं, सिलिकाचं द्रव्य धुपून गेलं आणि लोह आणि अ‍ॅल्युमिनियम तेवढं उरलं. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या अशाच दगडाला लॅटिनमधल्या विटेवरून 'लॅटराइट' नाव दिलं. पठाराच्या कडेला गेलं की जांभ्याच्या टणक टोपीखालची मऊ माती दिसते. ती झिजते, वरची टोपी अधांतरी राहते आणि एक दिवस मोठाली ढेपळं खाली येतात. अशी ढेपळं उतारावर कितीतरी पडली होती आणि त्यातल्या एकीच्या सावलीत एक जोडपं भेळ खात बसलं होतं. मॅडम त्यांना उठवायला गेल्या. त्यांना वाटलं, आमचा ग्रुप फोटो काढायचा आहे.

संध्याकाळी जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या मंदिरात. गोमुखातून पडणारं पाणी कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्रीचं, अशी श्रद्धा. श्रद्धेचं असो, नकाशाचं असं आहे की कृष्णा, वेण्णा आणि कोयना इथून पूर्वेच्या बाजूला लागतात आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतात. सावित्री पश्चिमेला उडी मारते आणि बाणकोटला अरबी समुद्रात. मधे अंतर किती? एका पठाराची कड. सरांनी वहीत पाणलोटाची रेघ काढायला लावली. गार वाऱ्यात पेन्सिल बोटात राहीना.

लॉजवर गरम पाणी मिळालं नाही. याविषयी जास्त लिहीत नाही.

दिवस दुसरा : आंबेनळी

हा दिवस म्हणजेच खरी टूर. बाकीचं सगळं जाता-येता.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट जगभरातल्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. दख्खनच्या लाव्हाच्या थरांचे जे गट पाडलेत त्यांतल्या वरच्या भागातल्या तिघांची नावं याच रस्त्यावरची: खाली पोलादपूर, मधे आंबेनळी, माथ्यावर महाबळेश्वर. परदेशातल्या शोधनिबंधांत ही नावं वाचताना मला दर वेळी एसटीचा बोर्डच दिसतो.

घाट वाचायचा तो खालून वर, कारण आधीचा थर तळाशी. म्हणून सकाळी सातला बसनं आधी पार खाली नेलं. काका एकेका वळणावर गाडी अगदी रांगवत होते. २०१८ च्या जुलैत याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली होती. त्या भागात बसमध्ये कुणी बोललं नाही.

खाली उतरून चालायला सुरुवात. काम सोपं सांगितलं होतं: रस्त्याच्या कडेच्या कापात थर मोजा, प्रत्येकाची उंची लिहा, नमुना घ्या. चार गट, चार वह्या.

पहिल्या तासातच गोची कळली. लहानपणापासून 'काळा दगड' म्हणून जो एक दगड आपण बघतो, त्यात थर कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो? सगळंच काळं. कुठे करडं, कुठे कुजून कांद्याच्या पापुद्र्यांसारखं सुटलेलं. आम्ही एका कापासमोर वीस मिनिटं उभ्या होतो. सांगलीकर म्हणे, ही थराची सीमा. मी म्हणे, ही नुसती भेग. तेवढ्यात बसला टेकून तंबाखू मळणारे काका आमच्यामागे येऊन उभे राहिले.

"काय हुडकताय ताई?"

सांगितलं.

"हां, मग सोपंय. भावाची बोअरची गाडी आहे आमच्या. वरनं मुरूम लागतो. मग मांजऱ्या. मग काळा. काळा लागला की बिट नुसतं कण्हतं, तासन् तास. आणि मग एकदम लाल फुफाटा उडतो वर. लाल आला की समजायचं, एक मजला संपला. त्याच्याखाली परत मांजऱ्या, परत काळा."

सर मागे उभे होते. म्हणाले, "लिहून घ्या. पुस्तकात हेच आठ पानांत आहे."

खरंच तेवढंच होतं. मांजऱ्या म्हणजे थराचा भोकाभोकांचा माथा. लाव्हा थिजताना वायू वर चढतो, बुडबुडे वर अडकतात, पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी ही खनिजं साठतात. पांढरे ठिपके बघितले की आमच्यातला कुणीतरी अ‍ॅसिडचा थेंब टाकायचाच. फसफसलं तर कॅल्साइट. पाणी लागतं तेही बहुतेक या मांजऱ्यात नाहीतर भेगाळलेल्या भागात. काळा म्हणजे थराचं पोट, सावकाश निवालेलं, म्हणून घट्ट. आणि लाल फुफाटा म्हणजे आम्ही ज्याला 'रेड बोल' म्हणतो तो. दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात जुन्या थराचा माथा कुजतो, त्यावर राख पडते, माती होते आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिला भाजून काढतो. काका म्हणाले, लाल ढासळतो, तिथं केसिंगचा पाइप टाकल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग आम्हाला लाल पट्टे दिसायलाच लागले. कुठे विटेएवढा जाड, कुठे कमरेएवढा. सरांनी एका ठिकाणचा तुकडा तोडून जिभेला लावला. तो चिकटून लोंबत राहिला, तसेच आमच्याकडे वळले. "चिकणमाती," जीभ मोकळी झाल्यावर म्हणाले. नंतर एकोणीस जणांच्या जिभा लाल. एका एसटीतल्या बायका आमच्याकडे बघून काय म्हणाल्या असतील कुणास ठाऊक.

त्या पट्ट्याजवळ मी बराच वेळ बसले. खालची कड धूसर, माती हळूहळू दगडात मिसळत जाणारी. वरची कड मात्र सुरीनं कापल्यासारखी. वरून आलेल्या लाव्हाच्या तळाला बोटाएवढ्या उभ्या नळ्या होत्या, खालच्या ओलसर मातीतून वाफ वर घुसताना झालेल्या असाव्यात. नळ्यांची टोकं एकाच बाजूला झुकलेली. लाव्हा वाहत होता त्या दिशेला. होकायंत्रावर दिशा घेतली, वहीत बाण काढला, आणि मग ते पान उगाचच दोनदा बघितलं.

दुपारी वाडा कुंभरोशीत डबे उघडले. मुलींच्या फील्डवर्कमधला एक प्रश्न कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो आणि मुलं तो झाडामागे सोडवतात. आम्हाला एका आजींनी घर उघडून दिलं. वर ताक दिलं. गेरू म्हणून हाच लाल पट्टा पूर्वी आणायचो, तुळशीच्या कट्ट्याला लावायला, असं त्या म्हणाल्या. प्रतापगड डोक्यावर दिसत होता, पण वर नेणार नाही म्हटल्यावर अर्धी बस रुसली.

संध्याकाळी चार वह्यांची बेरीज झाली. त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी, आमच्या गटाचे थर चौदा. नगरकरांचे अकरा. तिसऱ्यांचे सतरा. चौथ्यांनी दुपारनंतर मोजणं सोडून दिलं होतं. आता सर खरा आकडा सांगतील म्हणून आम्ही थांबलो, तर त्यांनी वेगळंच सुरू केलं. म्हणाले, तुम्ही आज पोलादपूर गटातून आंबेनळी गटात केव्हा शिरलात, कुणाला कळलं का? कुणालाच नाही. कळणारच नव्हतं. ती सीमा डोळ्यांना दिसत नाही. दोन्हीकडचा दगड तसाच काळा. प्रयोगशाळेत स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं, प्रमाण मोजलं की कळतं: पोलादपूरचा लाव्हा वर येताना पृथ्वीच्या कवचातला जुना खडक थोडा पचवून आलाय, आंबेनळीचा त्यामानानं निर्मळ. वर महाबळेश्वर गटात आणखी एक सीमा आहे, तीही अदृश्य. तिच्याखालच्या थरांनी थिजताना पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट नोंदवलंय आणि वरच्यांनी सुलट.

आणि मोजणीतल्या भांडणाबद्दल? २०१९ साली 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चमूंचे निबंध आले. एकांनी मुख्यतः या लाल पट्ट्यांमधल्या राखेतले झिर्कॉन या खनिजाचे कण घेऊन वय काढलं, दुसऱ्यांनी बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजावरून. पहिले म्हणतात, लाव्हा चार उमाळ्यांत आला आणि त्यातला एक मोठा उमाळा डायनोसॉर संपण्याच्या ऐन आधीचा. दुसरे म्हणतात, जवळजवळ सलग आला आणि त्यातला सुमारे पाऊण हिस्सा तर डायनोसॉर संपल्यानंतरचा. डोंगर तेच, यंत्रं उत्तम. "तेव्हा अकरा की चौदा यावर मारामारी करू नका," सर म्हणाले, "पण रेघ कुठे मारली आणि का मारली ते मात्र पेननं लिहा." नगरकर तरी पुटपुटलाच, चौदा कसे येतील म्हणून.

दिवस तिसरा : कोकणातून कोयनेला

पुन्हा तोच घाट, या वेळी तासाभरात खाली. कालचे लाल पट्टे खिडकीतून सटासट मागे जात होते आणि आम्ही आकडे ओरडत होतो. महामार्गाला लागून कशेडी, खेड, चिपळूण. उकाडा एकदम अंगावर आला. स्वेटर काढून सीटखाली.

चिपळूणच्या अलीकडे एका चिऱ्याच्या खाणीत थांबलो. पुन्हा जांभा! परवा सुमारे तेराशे मीटर उंचावर होता, आज जवळजवळ समुद्रसपाटीला. रूप तेच, गोष्ट वेगळी. वरचा जुना, पठार अखंड होतं तेव्हाचा. खालचा नंतरचा, सह्याद्रीचा कडा मागे सरकून कोकणची पट्टी मोकळी झाल्यावर बनलेला. खाणीत यंत्राचं पातं चिरे कापत होतं, लाल धुरळ्यात कामगारांच्या पापण्यासुद्धा लाल. मुकादमानं नखानं ओरखडा काढून दाखवला. "आता लोण्यासारखा आहे. महिनाभर उन्हात पडू दे, मग बघा." हवा लागली की त्यातलं लोह घट्ट होतं. परभणीकरानं तिथल्या तिथे ठरवलं की घर बांधलं तर जांभ्याचं. परभणीत!

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. आत जायची परवानगी आम्हाला नव्हती, बाहेरूनच मॅडमनी समजावलं. पूर्वेला वाहणाऱ्या कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या आतून बोगद्यांनी पश्चिमेला आणायचं, उंचीचा फरक वापरून जनित्रं फिरवायची आणि वाशिष्ठीत सोडायचं. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. म्हणजे बंगालच्या उपसागराला जायला निघालेलं पाणी दाभोळच्या खाडीत.

रात्री कोयनानगरला नमुन्यांची यादी करायला बसलो. माझ्या सॅकमध्ये पाण्याची बाटली गळली होती. तेरा पिशव्यांवरचे आकडे कसेबसे वाचता आले, एक पिशवी मात्र पूर्ण कोरी. दगड होता, नंबर नव्हता. सांगलीकरनं भिंगातून बघितला, मी बघितला, नव्यानं लिहिलेल्या टिपणांशी ताडून पाहिला. काळा, घट्ट, बारीक कणांचा. तसे पाच होते.

सरांनी एकदा हातात घेऊन परत दिला. "पत्ता गेला की तो नमुना नाही. दगड आहे."

दिवस चौथा : कोयना, कऱ्हाड, पुणे

सकाळी धरण लांबून. १०३ मीटर उंचीची भिंत धुक्यात अर्धीच दिसत होती. १९६२ मध्ये पाणी साठायला सुरुवात झाली, लगोलग बारीक धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर कोसळलं, धरणाला तडे गेले. नंतर ते पाठीमागून टेकू देऊन मजबूत केलं. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचा विषय निघाला की जगात कुठेही कोयनेचं नाव येतंच, कारण इथले धक्के अजून थांबलेले नाहीत. आधीच ताण असलेल्या भेगांमध्ये पाण्याचा दाब पोचतो आणि जे पुढे कधीतरी सरकणार होतं ते आधी सरकतं. भूकंप पाण्यानं तयार होत नाही, त्याला निमित्त मिळतं. हा फरक सरांनी तीनदा सांगितला.

मला हे नवीन नव्हतं आणि नवीन होतं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र सरून पहाट होत होती. आजोबा उशिरा आले आणि आत माळवदाखाली झोपण्याऐवजी ओट्यावरच पडले, म्हणून वाचले. आमच्या घरात ही गोष्ट एवढीच आहे, पुढचं कुणी सांगत नाही. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर हातभर मातीचं धाबं. सुमारे दहा हजार माणसं गेली ती त्याखाली. दगडांचं शिकून काय करणार, असं मला गावात सगळे विचारतात. आजोबांनी कधीच विचारलं नाही.

दुपारी कऱ्हाडला, भूविज्ञान मंत्रालयाच्या बोअरहोल जिओफिजिक्सच्या, म्हणजे खोल भोकांतून जमिनीचा अभ्यास करणाऱ्या, प्रयोगशाळेत. परवानगी दोन महिने आधी काढलेली. कोयनेत भूकंप जिथे होतात तिथवर पोचायचं म्हणून यांनी खोल भोकं पाडली, त्यातलं एक तीन किलोमीटरचं. वर निघालेले दगडाचे दंडगोल लांब खोक्यांत ओळीनं मांडलेले. आम्ही खोक्यांच्या बाजूनं चालत गेलो. काळा, लाल, ठिपक्यांचा, काळा, लाल. काका असते तर वाचत गेले असते. आणि साधारण सव्वा किलोमीटर खोलीच्या खोक्याशी एकदम गुलाबी-करडा दगड. ग्रॅनाइट. लाव्हा आला तेव्हाची जमीन. मधे ना वाळू ना गाळ, काळ्याला थेट गुलाबी टेकलेला. किल्लारीच्या भोकात बेसाल्ट ३३८ मीटरवरच संपतो आणि मग आठेक मीटर जुना गाळ लागतो, हे मी वाचलं होतं. आमच्या रानाखाली, म्हणजे जवळपास तसंच. मी बोट ठेवून बघितलं. गार होता, बाकी काही नाही.

पुण्याला सुटायच्या आधी काकांनीच बस प्रीतिसंगमावर घेतली. "एवढं आलोय तर घाट बघून जाऊ." कृष्णा एकीकडून येते, कोयना समोरून, आणि दोघी नाकासमोर येऊन भेटतात. पहिल्या दिवशी वहीत ज्या दोघींची सुरुवात काढली होती त्याच. यशवंतराव चव्हाणांची समाधी शेजारी आहे, तिकडे गर्दी होती. आम्ही पायऱ्यांवर बसून कणसं खाल्ली.

सॅक हलकी करावी म्हणून तो बिननंबरचा दगड काढला आणि पाण्यात टाकला. डुब्बुक असा आवाज झाला.

सर मागून म्हणाले, "आंबेनळीतला ना तो?"

"हो सर."

"म्हणजे सावित्रीचा. झिजत झिजत अरबी समुद्राला जायचा होता. तू त्याला बंगालच्या उपसागराकडे लावलंस."

सांगलीकर म्हणाली, "सर, कोयनेचं पाणी तिकडं पाठवलंय ना, मग फिट्टंफाट." काका हॉर्न वाजवायला लागले होते.